वीज नियामक आयोग स्वतंत्र आहे, म्हणजे नक्की कशापासून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: केंद्रीय वीज नियामक आयोगाचे सदस्य सरकार नेमतं, आयोगाचं अंदाजपत्रक सरकारकडे जातं, आणि ज्यांचे दर हा आयोग ठरवतो त्यांतल्या वीज बनवणारी एनटीपीसी, ती वाहून नेणारी पॉवरग्रिड अशा मोठ्या कंपन्याही सरकारच्याच. मग याला स्वतंत्र म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

प्रश्न रास्त आहे. दर याचिकांच्या (दर मंजूर करून घ्यायला कंपन्या आयोगापुढे करतात त्या अर्जांच्या) कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की कायद्याने आयोगाचं स्वातंत्र्य बऱ्यापैकी पक्कं बांधलंय. ते निसटतं ते थेट हुकमामुळे नाही, चालढकलीमुळे. मंत्रालयातून फोन आला आणि आदेशातला आकडा फिरला, अशा गोष्टी लोक चवीने सांगतात. प्रत्यक्षात जास्त वेळा दिसतं ते याहून साधं असतं. सदस्याची जागा भरली जात नाही, कंपनी याचिकाच दाखल करत नाही, अनुदान वेळेवर येत नाही आणि आकडे तपासायला आयोगाकडे स्वतःचा माणूस नसतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी कोणाला कायदा मोडावा लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे ‘राष्ट्रीय ऊर्जा नियामक’ अशी एकच संस्था नाही. विजेसाठी केंद्रात केंद्रीय आयोग आणि राज्यांत राज्य आयोग. वायुवाहिन्या आणि शहरी गॅस वितरणासाठी पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ, तेही २००६ च्या वेगळ्या कायद्याखाली. कोळशाला स्वतंत्र दरनियामक नाही. त्यासाठी २०१३ मध्ये आणलेलं विधेयक बारगळलं. अणुवीज केंद्रांचे दर अणुऊर्जा विभाग पाहतो. विजेपुरतं बोलायचं तर केंद्रीय आयोगाच्या कक्षेत केंद्र सरकारच्या मालकीची वीजकेंद्रं, एकाहून जास्त राज्यांना वीज विकणारे प्रकल्प, आंतरराज्य पारेषण (उच्च दाबाच्या तारांवरून वीज वाहून नेणं) आणि आंतरराज्य व्यापार येतो. घरच्या बिलावरचा युनिटचा दर राज्य आयोग ठरवतो. त्यामुळे ‘दिल्लीने दर वाढवले’ हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं.

आयोग येण्याआधी राज्यांतला बहुतेक कारभार राज्य वीज मंडळांकडे होता. दर मंडळच जाहीर करायचं, म्हणजे मंत्रिमंडळाला मानवेल तेवढाच दर लागायचा. ओडिशाने १९९५ मध्ये स्वतःचा सुधारणा कायदा केला आणि १९९६ मध्ये देशातला पहिला राज्य आयोग तिथे कामाला लागला. पुढे १९९८ च्या कायद्याखाली त्याच वर्षी २४ जुलैला केंद्रीय आयोग स्थापन झाला, आणि महाराष्ट्राचा आयोग १९९९ च्या ऑगस्टमध्ये. आज लागू आहे तो विद्युत कायदा २००३. १० जून २००३ पासून. खाली येणारी कलमं त्याच कायद्यातली आहेत.

रचना अशी: अध्यक्ष, तीन पूर्णवेळ सदस्य, आणि सरकारला तांत्रिक सल्ला देणाऱ्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अध्यक्ष पदसिद्ध सदस्य. अनुभवाची वाटणीही कायद्यानेच करून दिली आहे. एक जण विजेच्या क्षेत्रातला अभियंता, एक वित्तातला, दोघे अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा किंवा व्यवस्थापन यांतले, आणि हे दोघे एकाच शाखेतले चालत नाहीत. राज्य आयोगात अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तिघे. मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. त्याच पदावर फेरनेमणूक नाही. नेमणुकीनंतर पगार आणि सेवाशर्ती तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. पद सोडल्यावर दोन वर्षं व्यापारी नोकरी करता येत नाही. गैरवर्तन किंवा पदाचा गैरवापर यावरून काढायचं तर आधी आयोगांच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या विद्युत अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी चौकशी करून तसा अहवाल द्यावा लागतो. म्हणजे एकदा खुर्चीवर बसलेल्या माणसाला हलवणं सोपं नाही. फेरनेमणुकीची बंदी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. मुदत संपत आली की माणूस आपली पुढची सोय पाहू लागतो, आणि ती सोय नेमणाऱ्याच्याच हातात असली तर शेवटच्या वर्षातले आदेश मऊ होतात.

पण तीच सोय दुसऱ्या दाराने येते. पहिले अध्यक्ष एस. एल. राव अर्थतज्ज्ञ होते. त्यांच्यानंतर या पदावर आलेले बहुतेक जण भारतीय प्रशासकीय सेवेतले. अशा माणसांना अनुभव असतो, फाइल कशी हलते हे कळतं, आणि काहींनी सरकारला नको असलेले आदेशही बेधडक दिलेत. तरी तीस-पस्तीस वर्षं ज्या व्यवस्थेत काढली, तिचंच म्हणणं रास्त वाटण्याची सवय एका नेमणूकपत्राने सुटत नाही. निवड समितीत राज्याच्या पातळीवर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, मुख्य सचिव आणि केंद्रीय आयोग किंवा केंद्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष असे तिघे असतात. समिती प्रत्येक जागेसाठी दोन नावं देते आणि त्यांतलं एक सरकार निवडतं.

आता रिकाम्या जागांविषयी. कायदा म्हणतो, सदस्याची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी निवड समितीकडे प्रकरण पाठवा. समितीने तीन महिन्यांत काम उरका. हे पाळलं तर एक दिवसही खुर्ची रिकामी राहू नये. दिल्लीत काय झालं पाहा. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या राज्य आयोगाचं अध्यक्षपद रिकामं झालं. मुख्यमंत्री आणि नायब राज्यपाल यांचं नावावर जमेना, आणि शेवटी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती जयंत नाथ यांना तात्पुरते अध्यक्ष नेमावं लागलं. केंद्रीय आयोगही यातून सुटलेला नाही. प्रत्येक आयोगात किमान एक सदस्य कायद्याच्या क्षेत्रातला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं होतं. केंद्राने ती जागा भरली नाही, आणि २०२० च्या ऑगस्टपासून केंद्रीय आयोगाच्या सुनावण्या काही महिने ठप्प झाल्या.

जागा रिकामी राहिल्याने नेमकं काय बिघडतं, हे बाहेरून कळत नाही. समजा, एका पारेषण वाहिनीच्या वाढीव खर्चाची याचिका आहे. उत्तरं-प्रत्युत्तरं झाली, दोनदा सुनावणी झाली, आदेश राखून ठेवला. तेवढ्यात ऐकणाऱ्यांपैकी एक सदस्य निवृत्त. ज्याने ऐकलं त्यानेच आदेश द्यायचा, त्यामुळे नव्या पीठापुढे प्रकरण पुन्हा उभं राहतं. वकिलांची तीच मांडणी, तेच तक्ते, आणि मध्ये गेलेल्या काळाचं व्याज. हे व्याज शेवटी दरातच येतं. असं एखाद्या प्रकरणात झालं तर कोणाचं लक्ष जात नाही. अनेक प्रकरणांत झालं की आयोग कागदावर स्वतंत्र आणि कामात पांगळा होतो.

पैशाकडे वळतो. कलम ९९ नुसार केंद्रीय आयोगाचा स्वतंत्र निधी असतो. त्यात सरकारी अनुदान-कर्ज, आयोगाने घेतलेली सर्व शुल्कं आणि सरकार ठरवेल त्या इतर रकमा जमा होतात. पगार आणि खर्च त्यातूनच भागतो. उत्पादन कंपनी दर याचिकेसोबत मेगावॉटच्या हिशोबाने दरवर्षी शुल्क भरते, पारेषण परवानाधारक आपल्या वार्षिक पारेषण आकारणीच्या टक्केवारीने. देशभरातली क्षमता पाहता हे शुल्क काही किरकोळ नाही. लेखापरीक्षण कॅग करतं, वार्षिक अहवाल संसदेपुढे जातो.

इथे लोक चटकन म्हणतात, ‘शुल्क येतंय ना, मग झाला की आयोग स्वयंपूर्ण!’ तसं नाही. पैसा येतो कुठून यापेक्षा खर्चाची परवानगी कोण देतं, हे जास्त महत्त्वाचं. कलम १०६ प्रमाणे आयोग अंदाजपत्रक करून सरकारकडे पाठवतो. कलम ९१ प्रमाणे कर्मचारी किती आणि कोणत्या पदांचे, त्यांचे पगार किती, याला सरकारची मान्यता लागते. म्हणजे तिजोरी आयोगाची, किल्ली मंत्रालयाकडे. निधीत पैसे पडून असूनही पदं मंजूर नाहीत म्हणून काम अडतं, ही तक्रार तुम्हाला जवळजवळ प्रत्येक आयोगात ऐकू येईल. उलट बाजूही आहे. नियामकांनी शिल्लक रक्कम सरकारी खात्याबाहेर ठेवली, असे ताशेरे कॅगने वेगवेगळ्या नियामकांवर ओढले आहेत, आणि सार्वजनिक पैशाचा हिशोब संसदेच्या नजरेखाली राहावा हा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही.

बाहेरच्या देशांत यावर दोन-तीन वाटा दिसतात. ब्रिटनमध्ये ऑफजेम या वीज-वायू नियामकाचा खर्च परवानाधारक कंपन्यांच्या शुल्कातून निघतो. कंपन्या तो ग्राहकाच्या बिलातून वसूल करतात. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाची पद्धत मला जास्त पटते. तिथे खर्चाची मर्यादा काँग्रेस ठरवते, पण तो सगळा खर्च आयोग वीज-वायू उद्योगाकडून शुल्कापोटी वसूल करून तिजोरीत भरतो. करदात्यावर बोजा नाही, आणि एखाद्या खात्याच्या सचिवाच्या मर्जीवर आयोगाचं पोट नाही. तिथे पाच आयुक्त, मुदती एकामागोमाग संपणाऱ्या, आणि एका पक्षाचे तिघांहून जास्त चालत नाहीत. आपल्याकडे मुदती अशा आखून दिलेल्या नाहीत, म्हणून एकाच वर्षात दोन-दोन खुर्च्या रिकाम्या होतात. फक्त शुल्कावर चालणाऱ्या नियामकाची एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे त्यांच्याशीच रोजचा व्यवहार असतो, आणि शुल्काचा दर कंपन्यांशी घासाघीस करून ठरू लागला तर सरकारऐवजी उद्योगाचं ओझं खांद्यावर येतं. शुल्क कायद्याने ठरलेलं आणि सगळ्यांना एकसारखं असलं की ही भीती बरीच कमी होते.

कर्मचाऱ्यांचा मुद्दा पैशाहून मोठा आहे, आणि त्यावर कोणी फारसं लिहीत नाही. आदेशावर सही सदस्याची असते. आकडे तयार करतो तो खालचा अधिकारी. हा अधिकारी अनेक आयोगांत प्रतिनियुक्तीवर आलेला असतो, आणि कुठून? तर ज्या वीज कंपनीचे आकडे तपासायचे तिच्यासारख्याच एखाद्या सरकारी कंपनीतून. दोन-तीन वर्षांनी त्याला तिथेच परत जायचं असतं, बढतीही तिथेच मिळायची असते. तो बेइमान असतो असं मुळीच नाही. यातले कित्येक जण कंपनीची पोलं अचूक पकडतात, कारण ती कुठे असतात हे त्यांना आतून माहीत असतं. पण ‘या खर्चाचं बिल दाखवा’ असं चौथ्यांदा विचारायची वेळ येते तेव्हा परतीचं तिकीट आठवतं. उरलेलं काम सल्लागार संस्थांकडे जातं; तीच संस्था दुसऱ्या राज्यात वितरण कंपनीची याचिका लिहून देत असते. स्वतःचा कायम, बढतीची शिडी असलेला कर्मचारीवर्ग हे स्वातंत्र्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे, आणि तेच सर्वांत कमी वापरलं गेलंय.

सरकारला आयोगाला काही सांगायचंच असेल तर सरळ वाटही आहे. केंद्रासाठी कलम १०७, राज्यासाठी १०८: लोकहिताच्या धोरणात्मक बाबींवर लेखी निर्देश देता येतात, आणि बाब धोरणाची आहे की नाही यावर सरकारचा शब्द अखेरचा. वाचताना भीती वाटते. माझं मत उलटं आहे. लेखी निर्देश दिसतो, त्यावर तारीख असते, त्याला आव्हान देता येतं. शिवाय कायद्यातले शब्द ‘मार्गदर्शन घ्यावं’ अशा अर्थाचे आहेत, त्यामुळे एखाद्या कंपनीचा विशिष्ट दर निर्देशाने ठरवता येत नाही. मला जास्त खटकतात ते अलीकडे केंद्राने कलम १७६ खाली काढलेले नियम. खुला प्रवेश (मोठ्या ग्राहकाने दुसऱ्याच्या तारांवरून हव्या त्या विक्रेत्याची वीज घेणं), त्यावरचा अधिभार, महसुली तूट अशा ज्या गोष्टी आयोगांनी स्वतःच्या विनियमांतून ठरवायच्या, त्या सरकारच्या नियमांतून आधीच ठरवून टाकल्या जातात. काही नियम मुळात चांगले आहेत, ही पंचाईत आणखी वेगळी. युरोपात या मुद्द्याचा निकाल लागलेला आहे: २ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय न्यायालयाने जर्मनीविरुद्ध निर्णय देताना म्हटलं की नेटवर्क दराची पद्धत सरकारने अध्यादेशाने बांधून देणं हे नियामकाच्या स्वातंत्र्याशी विसंगत आहे. आपल्या कायद्यात एवढी कडक भिंत नाही.

चालढकलीचं बिल कुठे दिसतं? रेग्युलेटरी अ‍ॅसेटमध्ये. समजा, वितरण कंपनीचा मंजूर खर्च १०० रुपये आहे आणि निवडणुकीच्या वर्षात दर असा ठेवला की वसुली ८८ च. उरलेले १२ रुपये ‘पुढे वसूल करू’ म्हणून आयोग वहीत मांडून ठेवतो, वर व्याज. कोणी दर वाढवला नाही, कोणी अनुदानाचा आदेशही काढला नाही. कलम ६५ प्रमाणे सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची तर पैसे आगाऊ भरायला हवेत. इथे ते न भरताच काम साधतं. दिल्लीतल्या तीन वितरण कंपन्यांची अशी थकीत रक्कम ३१ मार्च २०२४ ला २७,२०० कोटींच्या घरात होती. तामिळनाडूत डिसेंबर २०१४ नंतर थेट सप्टेंबर २०२२ मध्ये दर बदलले. विद्युत अपील न्यायाधिकरणाने ११ नोव्हेंबर २०११ रोजीच सगळ्या राज्य आयोगांना बजावलं होतं की कंपनीने याचिका वेळेत दिली नाही तर आयोगाने स्वतःहून प्रकरण सुरू करावं. कंपनी सरकारची, याचिका न देण्याचा निर्णयही खरं तर सरकारचाच, आणि ‘आमच्यापुढे काही आलंच नाही’ ही आयोगाची पळवाट या आदेशाने कायद्यापुरती बंद केली. ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच साठलेल्या थकबाकीवरून आयोगांना झोडपलं आणि ती ठरावीक मुदतीत फेडायला सांगितलं. मला विचाराल तर एखादा आयोग किती स्वतंत्र आहे हे मोजायला हा एक आकडा पुरेसा आहे. अध्यक्षांची भाषणं वाचू नका, वहीतली ही ओळ बघा.

स्वातंत्र्याचा दुसरा पुरावा आदेशातच असतो. चांगल्या दर आदेशात प्रत्येक खर्चापुढे दोन रकाने असतात: कंपनीने मागितलेली रक्कम आणि आयोगाने मंजूर केलेली. मधल्या फरकाचं कारण खाली लिहिलेलं असतं. हे कारणच आयोगाचं कवच आहे, कारण ४५ दिवसांत अपील झालं की न्यायाधिकरण नेमकं तेच तपासतं. जिथे कारणाच्या जागी ‘सर्व बाबींचा विचार करून’ एवढंच असेल, तिथे कोणाच्या तरी सोयीचा विचार झालाय असं खुशाल समजा.

या प्रक्रियेने काय साधतं याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण बोलकं आहे. वीज मंडळ वर्षानुवर्षं आपली गळती (वाटेत हरवणारी किंवा चोरीला जाणारी वीज) १८ टक्क्यांच्या आसपास दाखवत असे. आयोग आला, आकडे उघड झाले, शेतीपंपांच्या नावावर टाकलेल्या न मोजलेल्या विजेवर प्रश्न विचारले गेले, आणि गळती ३० टक्क्यांच्या पुढे असल्याचं समोर आलं. मंडळाच्या बंद खोलीत हे कधीच झालं नसतं. त्या कामात वीजधोरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थांचा मोठा वाटा होता. कलम ९४(३) प्रमाणे आयोग ग्राहकांच्या वतीने बाजू मांडायला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि महाराष्ट्राच्या आयोगाने प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत यांना तशी मान्यता सुरुवातीपासून दिली. जिथे समोरून टोकणारा कोणी नसतो तिथे आयोग कंपनी आणि सरकार या दोघांमध्येच अडकतो.

तुम्हाला स्वतः काही करायचं असेल तर जनसुनावणीची जाहिरात आल्यावर याचिकेचा सारांश नाही, मूळ तक्ते उतरवून घ्या. मागच्या वर्षीच्या आदेशात मंजूर झालेली गळती आणि यंदा ‘प्रत्यक्ष’ म्हणून दाखवलेली गळती शेजारी शेजारी मांडा. फरक सापडला तर तेवढा एकच मुद्दा, पानाचा क्रमांक देऊन, लेखी हरकतीत घाला. लेखी आलेल्या हरकतीला आदेशात उत्तर द्यावं लागतं. सभागृहात माइकवर केलेल्या भाषणाला एका वाक्यात गुंडाळता येतं.